मॅनेजरची खुर्ची रिकामी झाली की नावं कशी पारखायची

आमच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी हे ठरलेलं. कुणाचा तरी आवडता फुटबॉल क्लब सलग हरतो, मॅनेजरला नारळ मिळतो, आणि सकाळी मी सांगलीच्या मार्केट यार्डात दुकानाचं शटर वर करेपर्यंत अडीचशे मेसेज पडलेले असतात. प्रत्येकाकडे एक नाव तयार असतं आणि प्रत्येकाला वाटतं की क्लबच्या बोर्डात सगळी गाढवं बसलीत, अक्कल काय ती विश्रामबागच्या कट्ट्यावरच. मी पण त्यातलाच, नाही कशाला म्हणू. पण इतक्या वेळा तोंडावर आपटलोय की आता माझी एक पद्धत बसलीय, ती लिहितो. शिवाय मागच्या वर्षी आमच्या इथल्या छोट्या क्लबसाठी खरोखरचा कोच निवडायला मला कमिटीत बसवलं होतं, तिथं हीच पद्धत मी विसरलो, ते पण सांगतो.

माझा धंदा हळदीचा. हळकुंड ड्रममध्ये घालून पॉलिश केलं की कुठलंही पिवळंधमक दिसतं, म्हणून सौद्याला उभा राहिलेला व्यापारी वरचा रंग बघत नाही, मूठभर उचलतो, त्यातलं एक कटकन मोडतो आणि आत बघतो, गाभा गडद आहे का, पोकळ निघालंय का, का मोडायच्या ऐवजी वाकतंय म्हणजे ओल राहिलीय. मॅनेजरचा सीव्ही म्हणजे पॉलिश मारलेलं हळकुंड आहे. मोडून कसं बघायचं, एवढंच खाली आहे.

आधी आपलंच घर बघा

नावांकडे लगेच जाऊ नका. आधी कागदावर लिहा की हे काम नक्की आहे काय. टीमचं सरासरी वय किती, कुणाचे करार संपत आलेत, पैसे किती उरलेत, सीझन मधेच आहे का उन्हाळ्याची सुट्टी आहे, वर जायचंय का नुसतं रेलिगेशन, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरणं, टाळायचंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खेळाडू विकत कोण घेणार. आजकाल बऱ्याच क्लबात स्पोर्टिंग डायरेक्टर असतो, खरेदी तो करतो, आणि ज्याला आपण मॅनेजर म्हणतो तो असतो हेड कोच. मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनसारखा सगळा कारभार हातात ठेवणारा माणूस अशा क्लबात आणलात तर तीन महिन्यांत भांडण, आणि नुसतं ग्राउंडवर शिकवणारा माणूस आणून त्यालाच टीम बांध म्हणलात तरी भांडणच.

बोर्ड मोजणार काय हे पण विचारा. टॉटनहॅमच्या पोस्टेकोग्लूचं बघा, मे २०२५ मध्ये युरोपा लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा कप, जिंकली, क्लबची सतरा वर्षांतली पहिली ट्रॉफी, आणि सोळा दिवसांनी त्याला काढलं, कारण इंग्लंडच्या लीगमध्ये सतरावे आले होते. बरोबर का चूक हा वाद बाजूला ठेवा, पण कप मोजायचा का टेबल हे आधी ठरलेलं नसलं की असं होतं.

इथंच एक खड्डा आहे ज्यात सगळे पडतात, मी तर दर वेळी. आधीचा जसा होता त्याच्या बरोब्बर उलटा माणूस हवासा वाटतो. आधीचा कडक होता म्हणून आता प्रेमळ पाहिजे, आधीचा डिफेन्सिव्ह होता म्हणून आता अटॅक पाहिजे. सासूला कंटाळून वेगळं राहिलेल्या माणसासारखं, घर कसं पाहिजे ते माहीत नसतं, फक्त त्या घरासारखं नको एवढंच माहीत असतं. कागदावर आधीच्याचं नाव न घेता गरज लिहून बघा, जमतंय का.

ट्रॉफ्या मोजू नका, हातात काय होतं ते बघा

मोठ्या क्लबात राहून लीग जिंकलेला माणूस आणि गरीब क्लबाला आठव्या नंबरला नेलेला माणूस, यात भारी कोण हे ट्रॉफ्यांवरून कळतच नाही. क्लबचा पगाराचा खर्च लीगमध्ये कितव्या नंबरचा आहे आणि टीम कितव्या नंबरला आली, हे शेजारी शेजारी ठेवा. पगाराचा आकडा नाही मिळाला तर ट्रान्सफरमार्क्ट नावाच्या वेबसाइटवर टीमची किंमत बघा, अंदाजे असते पण काम भागतं. पाचव्या नंबरच्या पैशात पाचवा आला तर त्यानं नोकरी केली. दहाव्याच्या पैशात पाचवा, तेही दोन-तीन सीझन लागोपाठ, तर थांबा आणि नीट बघा.

फर्ग्युसनला युनायटेडनं नोव्हेंबर १९८६ मध्ये आणलं तेव्हा तो ॲबर्डीनला होता. स्कॉटलंडमध्ये सेल्टिक आणि रेंजर्स सोडून तिसऱ्यानं लीग जिंकायची म्हणजे काय, यानं तीनदा जिंकली, वर १९८३ ला कप विनर्स कपच्या फायनलमध्ये रेआल माद्रिदला हरवलं. हे हळकुंड मोडलं तर आत केशरच. आणि तरी इंग्लंडची लीग जिंकायला त्याला १९९३ उजाडलं, हे पण लक्षात असू द्या.

मग त्याच फर्ग्युसननं २०१३ ला जाताना मॉइसचं नाव पुढं केलं. मॉइसनं एव्हर्टनला अकरा वर्षांत बहुतेक वेळा कमी पैशात वरच्या अर्ध्यात ठेवलं होतं, म्हणजे माझ्या वरच्या नियमात तो पास होतो! सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत काढला. म्हणजे नियम खोटा असं नाही, पण अर्धा आहे. कमी पैशात मॅच हरू न देणं ही एक कला आहे आणि जिथं दर शनिवारी समोरचा अकराच्या अकरा मागं घेऊन बसतो तिथं ती भिंत फोडणं ही वेगळी. मागच्या क्लबात ह्याच्याकडे बॉल जास्त वेळ असायचा का समोरच्याकडे, एवढं तरी बघा.

आणि उलटं पण होतं. रानिएरीला ग्रीसनं नोव्हेंबर २०१४ मध्ये काढलं, घरच्या मैदानावर फॅरो आयलंड्सशी हरल्यावर, चार मॅचमध्ये विषय संपला. २०१५ च्या जुलैत लेस्टरनं त्याला घेतला तेव्हा सगळे हसले, मी पण हसलो, आणि पुढच्या मे महिन्यात सट्ट्यात पाच हजारास एक भावाचा क्लब चॅम्पियन. राष्ट्रीय टीमच्या चार मॅचवरून जवळपास तीस वर्षं कोचिंग केलेला माणूस तोलला होता आम्ही. थोड्या मॅचवर मत बनवू नका हे सगळेच सांगतात, करत कोणी नाही.

नशीब वेगळं काढा

हे जरा नीट वाचा, कारण कट्ट्यावरची निम्मी भांडणं इथं मिटतात. एक्सजी म्हणजे काय, तर मिळालेल्या चान्समधून साधारण किती गोल व्हायला पाहिजे होते. रुपयात सांगतो. पेनल्टी मिळाली की पंच्याहत्तर पैसे, कारण शंभरातल्या साधारण पंच्याहत्तर आत जातात. तीस मीटरवरून हाणलेला शॉट दोन-तीन पैसे. सगळ्या शॉटचे पैसे मिळवा, तो झाला त्या मॅचचा हिशोब. आता टीमच्या हिशोबात सत्तर रुपये आणि खरे गोल पन्नास असतील, तर मॅनेजरनं चान्स बनवले आणि पोरांनी घालवले, किंवा समोरचा गोलकीपर त्या दिवशी पेटला होता. अंडरस्टॅट नावाच्या वेबसाइटवर युरोपच्या मोठ्या लीगांचा हा हिशोब २०१४-१५ पासून फुकट बघायला मिळतो.

क्लॉप हे त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. २०१४-१५ ला त्याची डॉर्टमुंड फेब्रुवारीत टेबलच्या तळाला होती, शेवटी कशीबशी सातवी. पेपरात सगळीकडे, संपला क्लॉप. लिव्हरपूलकडे इयान ग्रॅहम नावाचा डेटावाला होता, फिजिक्समधला पीएचडी, त्यानं आकडे काढले तर चान्सच्या हिशोबात डॉर्टमुंड त्या वर्षी पण जर्मनीतली दोन नंबरची टीम निघाली. ऑक्टोबर २०१५ ला लिव्हरपूलनं त्याला आणलं, पुढचं सांगायला नको, २०१९ ची चॅम्पियन्स लीग, २०२० ची लीग.

आता ह्याचीच दुसरी बाजू, हंगामी मॅनेजर. मॅनेजरला काढतात कधी? सात-आठ मॅच वाईट गेल्यावर. आणि त्या सात-आठ मॅचमध्ये खराब खेळाबरोबर खराब नशीब पण असतंच असतं. नशीब काही कायम खराब राहत नाही, म्हणजे जागेवर बुजगावणं उभं केलं तरी पुढच्या पाच-सहा मॅच बऱ्या जाणार, आणि आपण म्हणणार, ड्रेसिंग रूमचं वातावरण बदललं! सोल्शायरला डिसेंबर २०१८ ला युनायटेडनं सहा महिन्यांसाठी आणलं, पहिल्या आठच्या आठ मॅच जिंकल्या, एकोणीसपैकी चौदा जिंकल्यावर मार्चमध्ये कायम केलं. त्या रात्री मी ग्रुपवर पेढ्याचे फोटो टाकले होते, तेही साताऱ्याचे कंदी पेढे. सीझन संपताना आम्ही, म्हणजे आमचं युनायटेड, सहावे, आणि शेवटच्या मॅचला आधीच रेलिगेट झालेल्या कार्डिफनं ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन दोन गोल मारले. पेढ्यांचा तो फोटो अजून कुणीतरी वर्षातून एकदा परत टाकतं.

तेव्हा हंगामीवाल्याला कायम करायचं का हा प्रश्न आला की जिंकलेल्या मॅच बाजूला ठेवा आणि फक्त एवढंच बघा की समोरच्याला चान्स किती मिळत होते, ते खरंच कमी झाले का, आणि घाई नसेल तर मे महिन्यापर्यंत थांबा. करार तसाही तोपर्यंतचाच असतो.

हाताखाली आहे त्या पोरांत बसतो का

उमेदवाराचा नेहमीचा फॉर्मेशन घ्या आणि आपल्या टीमची नावं त्यात बसवून बघा, वहीच्या मागच्या पानावर, पाच मिनिटांचं काम. किती जण बेकार होतात? कुठली जागा रिकामी राहते? अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये युनायटेडला आला, पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबला त्यानं मागं तीन आणि दोन्ही कडेला वर-खाली पळणारे विंगबॅक असं खेळवून लीग जिंकली होती, चांगलाच कोच, पण इथं टीम घेतली होती मागं चार आणि पुढं विंगर अशा हिशोबानं. सीझनच्या मधे आला, बदलायला वेळ नाही, सिस्टम सोडायला तयार नाही, पंधरावे आले. दुसऱ्याच्या मापाचा शर्ट घातल्यासारखं, शर्ट पण चांगला, माणूस पण चांगला.

त्याच्या आधीचं २०१७ चं क्रिस्टल पॅलेस, इंग्लंडमधलाच क्लब. कोच आणला फ्रँक डी बूर, हॉलंडच्या आयॅक्सला लागोपाठ चार लीग जिंकून दिलेला. पॅलेसची पोरं मागं बसून पटकन पुढं पळणारी, त्यांना म्हणला पास करत खेळा. लीगच्या चार मॅच, चार हार, गोल शून्य, सत्त्याहत्तर दिवसांत घरी. मग आला हॉजसन, सत्तरीचा म्हातारा, त्यानं पोरांना जे येतं तेच करायला लावलं आणि टीम अकरावी आणली. कट्ट्यावर हॉजसनचं नाव कुणी घेतलं असतं तर हाकलून दिला असता.

म्हणून सीव्हीत मी एक गोष्ट मुद्दाम शोधतो, माणूस कधी बदललाय का. एका क्लबात एक आणि दुसऱ्यात वेगळं खेळवलंय का. एमेरीला आर्सेनलनं नोव्हेंबर २०१९ ला काढला तेव्हा त्याच्या इंग्लिशची टिंगल चालायची. त्यानं व्हियारेआलला युरोपा जिंकून दिली, २०२२ ला इंग्लंडच्या ॲस्टन व्हिलात आला तेव्हा क्लब तळाजवळ, त्याच सीझनला सातवे आणि पुढच्याला चौथे. एकदा पडलेला माणूस बाद नसतो. पडल्यावर काय केलं ते बघायचं.

एकटा येतोय का जोडीनं

हे कुणीच बघत नाही. ब्रायन क्लफ १९७४ ला लीड्सला गेला आणि चव्वेचाळीस दिवसांत बाहेर. त्याचा जोडीदार पीटर टेलर तेव्हा ब्रायटनलाच थांबला होता. पुढं नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७६ मध्ये टेलर येऊन मिळाला आणि दोघांनी १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप आणले. आमच्याकडं तालमीत वस्ताद एक असतो पण पोरांकडून जोर-बैठका मारून घेणारा दुसराच असतो, आणि तो गेला की वस्तादालाच कळत नाही काय बिघडलं. तर असिस्टंट कोण, फिटनेसवाला कोण, सेट पीस म्हणजे फ्री किक-कॉर्नर कोण बघतो, ते येणार आहेत का, ही नावं शोधा.

जुना हिरो परत आणायचा मोह

ह्यावर थोडक्यात, कारण इथं डोकं चालत नाही, काळीज चालतं. जुना खेळाडू मॅनेजर होऊ शकतो का? होतो की. ग्वार्डिओलानं आधी बार्सिलोनाची बी टीम एक वर्ष सांभाळली, तिसऱ्या पायरीच्याही खालची लीग, ती वर नेली, मग २००८ ला मोठी टीम मिळाली. झाबी अलोन्सो रेआल सोसिएदादच्या बी टीमला तीन वर्षं राबला, मग लेव्हरकुसेनला तळाजवळ असताना हातात घेतलं आणि २०२३-२४ ला एकही मॅच न हरता लीग. पिर्लोला मात्र २०२० ला युव्हेंटसनं ज्युनियर टीमचा कोच केला आणि नऊ-दहा दिवसांत, एकही मॅच न खेळवता, मोठ्या टीमवर बसवला. लागोपाठ नऊ लीग जिंकलेला क्लब चौथा आला. हिरो असू दे, पण थंडीत, रिकाम्या स्टँडसमोर पोरांना शिकवलंय का एवढं विचारा.

नाव आलं कुठून

पेपरात नाव आलं म्हणजे क्लबनं विचारलं असं नाही. कितीदा तर एजंटच नाव सोडतो, म्हणजे सध्याचा क्लब घाबरून पगार वाढवतो. आमच्या सौद्यात नाही का, घ्यायची नसलेली हळद पण एखादा उगीच बोली लावून चढवतो, तसंच. पुढचा मॅनेजर कोण यावर तिकडं सट्टा चालतो, त्याच्या भावावर पण जाऊ नका, त्या बाजारात पैसाच थोडा असतो, दोन-चार जणांनी लावला की भाव हलतो आणि भाव हलला म्हणून बातमी होते.

आपल्याकडचं बघा ना. २०२५ च्या जुलैत भारताच्या कोचसाठी फेडरेशनकडे १७० अर्ज आले. त्यात झावीचा आणि ग्वार्डिओलाचा पण! दोन दिवस सगळा देश चर्चा करत होता की झावीचा पगार परवडेल का, आणि नंतर कळलं ईमेलच खोटे. शेवटी तीन नावं उरली आणि १ ऑगस्टला खालिद जमीलला केलं. खालिदचं हळकुंड मोडायचं तर २०१६-१७ ची ऐझॉल बघा, आधीच्या वर्षी रेलिगेट होऊन परत घेतलेली टीम, मिझोरामची पोरं, तिला आय-लीग जिंकून दिली. आल्या आल्या मध्य आशियातल्या कप स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे आलो, सगळे खूश, आणि ऑक्टोबरमध्ये घरच्या मैदानावर सिंगापूरशी हरून आशिया कपची वाट बंद. दोन्हीवेळा आमच्या ग्रुपचं मत दुसऱ्या टोकाला. मी म्हणतो इतक्या कमी मॅचवर दोन्ही मतं फुकट आहेत.

आता आमची गोष्ट

आमचा क्लब म्हणजे काय, पंचवीस पोरं, दोन जाळ्या, हवा भरायचा पंप आणि कमिटीत पाच माणसं. फुटबॉल म्हणलं की कोल्हापूर, शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचला जी गर्दी होते ती बघून आम्ही सांगलीवाले जळतो, आणि त्या जळण्यातूनच हा क्लब निघालाय. कोच नोकरीसाठी बाहेरगावी गेला, तीन अर्ज आले. एक पुण्याहून, लॅपटॉप, स्लाइड, एका स्लाइडवर बाण इतके की हवामान खात्याचा नकाशा वाटावा. दुसरे रिटायर्ड पीटी सर. तिसरा मिरजेचा, जुना गोलकीपर, डी लायसन्स म्हणजे कोचिंगची सुरुवातीची परीक्षा केलेलं, एका शाळेच्या मुलींच्या टीमला चार वर्षं शिकवलेलं. मुलाखतीत हा बोललाच नाही फारसं, उलट आम्हालाच प्रश्न विचारत बसला. यंदा बारावीला किती जण आहेत, म्हणजे फेब्रुवारीत किती उरणार? बूट सगळ्यांकडे आहेत का? आणि आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फुटाला आलं की तुमचं ग्राउंड जातं? आम्हाला वाटलं काय माणूस आहे, टॅक्टिक्सवर एक शब्द नाही.

आम्ही लॅपटॉप घेतला. पाचही मतं, माझं पण.

जुलैची पहिली मॅच. भुरभुर पाऊस, ग्राउंडवर चिखल, गोलपोस्टसमोर तर तळंच साचलेलं, आणि कोच बाहेरून ओरडतोय, शॉर्ट खेळ, शॉर्ट खेळ. आमच्या गोलकीपरनं, अकरावीतलं पोरगं, बिचाऱ्यानं सांगितल्याप्रमाणं स्टॉपरला हळूच पास दिला, बॉल चार फूट गेला आणि पाण्यात थपकन बसला, हललाच नाही. दोघं एकमेकांकडे बघतायत, तोवर समोरचा स्ट्रायकर पळत आला आणि पाण्यासकट बॉल आत. असे दोन झाले. पुढच्या मॅचला तिसरा. सहा आठवड्यांत साहेब पुण्याला परत, म्हणले तुमच्याकडं इन्फ्रास्ट्रक्चर नाही. ते तर अर्जाच्या आधीपासून नव्हतं की मर्दा, पण त्यानं विचारलं नव्हतं आणि आम्ही सांगितलं नव्हतं, म्हणून ही चूक मी निम्मी आमच्या नावावर लिहिलीय.

ह्या वेळी मी आधी कागद केला. पावसात खेळता येईल असं शिकवणारा, परीक्षेच्या दिवसांत चौदा पोरांवर भागवणारा, सकाळी साडेपाचला येणारा, महिन्याला आम्ही देऊ शकतो तेवढ्यात. मग मिरजेला त्या शाळेतल्या मुलींच्या टीमचा सराव लांबून बघून आलो, न सांगता. पाऊण तासात तो दोनदाच ओरडला, आणि एक मुलगी पाय मुरगळून बसली होती तिच्या शेजारी बसून त्यानं बाकीच्यांची मॅच तिला समजावून सांगितली. दुकानात परत येऊन त्याला फोन लावला. पहिल्यांदा आम्ही नको म्हणल्याचा राग होता का माहीत नाही, बोलला नाही तसं. फक्त म्हणला, तेव्हा एक उत्तर राहिलं होतं तुमचं, किती फुटाला ग्राउंड जातं?

मी म्हणलं, अडतीस. त्यानं लिहून घेतलं बहुतेक, कारण जरा वेळ काहीच आवाज आला नाही, मग म्हणला एक तारखेला येतो, बॉल मी आणतो, तुमच्यात हवा राहत नाही ते बघितलंय मी.